अरबी मास्तरांचं शेवटचं प्रकरण

मास्तरांनी मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच बरं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की मी झालंगेलं विसरलो. विसरलेलो नाही.

पांढरकवड्याच्या कापूसबाजारात माझं आयुष्य गेलं. ट्रकवाल्यांनी, जिनिंगवाल्यांनी, सरकारी केंद्रावरच्या माणसांनी मला गंडवायचे सगळे प्रकार करून पाहिले. कापसाच्या गंजीत मी कोपरापर्यंत हात घालतो आणि पाणी मारलेला माल आतल्या आत ओळखतो. त्या हाताला ज्या एका माणसानं चकवलं, त्याला शेतातला कापूस आणि सावरीचा कापूस यांतला फरक कळत नव्हता. तो माझ्या गोदामावरच्या खोलीत बसून फ्रेंचमधलं तत्त्वज्ञान अरबीत नेत होता.

गावात त्यांना अरबी मास्तर म्हणत. यवतमाळात पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत नोकऱ्या केलेल्या घरातला माणूस. तरुणपणी गणित शिकवायला अल्जेरियाला गेले. तिथं फ्रेंच शिकले, अरबी शिकले, आणि शाळेतल्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाशी जिवाभावाची दोस्ती केली. त्या वेळी तिथल्या शाळांमधून फ्रेंच जाऊन अरबी येत होती. या मित्राचं एक लाडकं फ्रेंच पुस्तक होतं, माफ करणं म्हणजे काय, याच्यावर लिहिलेलं. आपल्या पोरांना हे आता वाचता येणार नाही, याचं त्याला दुःख होतं, म्हणून त्यानं ते अरबीत आणायला घेतलं. पण डोळ्यांनी दगा दिला. मग मास्तर त्याला वाचून दाखवू लागले. वाचायचं, पुस्तक मिटायचं, आपल्या शब्दांत सांगायचं. मित्र त्याच्यावर भांडायचा. भांडण मिटलं की अरबी वाक्य कागदावर यायचं. नोकरी संपवून मास्तर परत निघाले तेव्हा मित्रानं ते पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं आणि पुरं करण्याचा शब्द घेतला. पुढे मित्र वारला. त्याची मुलगी छापखाना ठरवून वाट पाहत बसली.

एवढं सगळं मला खोली भाड्यानं देताना माहीत नव्हतं. समोर एक उंच, वाळका, अविवाहित म्हातारा उभा होता आणि मी भाडं सांगितल्यावर "बरं" म्हणाला. मला राग आला. समोरचा घासाघीस करत नाही म्हणजे तो आपल्याला माणसात धरत नाही, असं मी समजतो.

"काहीच बोलनं नाई?" मी विचारलं.

"एक अट आहे. दुकान बंद केल्यावर रोज थोडा वेळ वर यायचं. मी एक गोष्ट सांगेन. पटली नाही तर भांडायचं."

"अन्‌ पटली तर?"

"तर जास्त भांडायचं."

मी जोरात हसलो. आमच्या तांड्यावर, बाजारात, घरात, माझ्या भांडकुदळपणाला आजवर कुणी मागणी केली नव्हती.

"यवतमाळ सोडून इकडं काहून आले?" मी विचारलं.

"तिकडे सगळे ओळखीचे. सगळे हो म्हणतात आणि घरी जातात."

मास्तरांचं विक्षिप्तपण गावाला लवकरच कळलं. अल्जेरियातून आणलेला टोपीचा जाड लोकरी झगा ते अनुवादाला बसताना घालत. पांढरकवड्याच्या मे महिन्यातसुद्धा. घामानं निथळत, टोपी कपाळावर ओढून, उजवीकडून डावीकडे लिहीत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "हा झगा घातला की तो समोर बसल्यासारखा वाटतो." लांब दांड्याच्या पितळी भांड्यात काळी कॉफी उकळायचे आणि बेकरीचा पाव जवसाच्या चटणीशी खायचे. लाइन गेली की फ्रेंचमध्ये शिव्या द्यायचे. माझे हमाल त्या शिव्या शिकले होते आणि पोतं निसटलं की वापरायचे.

एकदा ते भर बाजारात माझ्या हमालाला अडवून म्हणाले, "काय रे, एखाद्याला माफ करणं जड, की त्याला विसरून जाणं जड?"

हमालाच्या पाठीवर पोतं होतं. तो म्हणाला, "बाजूले व्हा मास्तर, सध्या तं हेच जड हाये."

मास्तर संध्याकाळपर्यंत खूश होते.

कामाची त्यांची रीत कधी बदलली नाही. मी वर जायचो. ते एक परिच्छेद मनात वाचत, पुस्तक मिटत, माझ्याकडे पाहत, आणि वऱ्हाडीत सांगत. वऱ्हाडीतच. पुस्तकी मराठीत सांगितलं की मी आदरानं गप्प बसतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. मी नुसती मान हलवली तर भडकायचे. "नंदीबैल नको मला! आडवे या!" मी आडवा आलो, खरोखर चिडून आलो, की मांडीवर थाप मारायचे. आमचं पुरतं वाजल्यावर कागद पुढे ओढत. मी उलटा बोललो नाही असं एकही वाक्य त्यांनी अरबीत उतरवलं नाही.

"थेट गाडी कायले नाई नेत?" मी एकदा विचारलं. "तुमाले दोन्ही भाषा येतेत. मी मधी कायले?"

"इकडे नागपूर, तिकडे हैदराबाद, मधे पांढरकवडा," ते म्हणाले. "मधे थांबा नसला की गाडीवाला झोपेत चालवतो."

शुक्रवारी मशिदीतले मौलाना यायचे. ते अरबी तपासत. फ्रेंच त्यांना येत नव्हती. मास्तरांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "मास्टरसाब, ये जुमला तो शेठ का है. इसमें से कपास की बू आ रही है." मला आतून फार बरं वाटायचं, पण वरून मी म्हणायचो, "मंग माझी दलाली कुठी हाये?"

कधीकधी माझ्या दुकानाच्या फोनवर अल्जेरियाचा फोन यायचा. मित्राची मुलगी. मी जिन्याखालून ओरडायचो, "मास्तर, तुमचं अल्जेरिया आलं!" ते झग्यासकट धावत खाली येत. फोनवर त्यांचा आवाज मऊ व्हायचा. स्वतःच्या मुलीशी बोलल्यासारखा.

ती वर्षं वाईट होती. कापसाचा भाव मातीत गेला होता, सरकारी खरेदी कधी उघडे कधी बंद होई, बोंडात अळी आणि पेपराच्या पहिल्या पानावर आमच्या जिल्ह्याचं नाव. चॅनेलवाले गाड्या घेऊन यायचे आणि एखादा व्यापारी शोधायचे, राक्षस म्हणून दाखवायला. एकदा माझ्या दुकानासमोर कॅमेरा लावला. मास्तर पाव आणायला खाली उतरले होते, अंगावर झगा. चॅनेलच्या पोरीनं माईक त्यांच्या तोंडापुढे धरला, "बाबा, आप किसान हैं?" मास्तरांनी तिला अरबीत लांबलचक उत्तर दिलं. ती मंडळी गोंधळून निघून गेली. मी विचारलं, काय सांगितलं? ते म्हणाले, "सांगितलं की इथे माणसं मरतायत आणि तुम्ही चोर शोधताय, रडणारं कुणी शोधा." मग जिना चढता चढता म्हणाले, "बरं झालं तिला कळलं नाही. लगेच रडणारा शोधायला लागली असती."

आता भावाचं सांगतो, कारण फसवणूक तिथं झाली.

मी बंजारा. आमचा तांडा मारेगावच्या बाजूला. थोरला भाऊ तांड्याचा नायक. बाप लवकर गेला, तेव्हा त्यानं मला वाढवलं, बैलबाजारात नेलं, रुमालाखालचा सौदा शिकवला. दोघांनी रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्याला कळत नाही. पण आई, आमची याडी, वारली तेव्हा त्यानं मला निरोप पाठवला नाही. मी पोचलो तेव्हा राख गार झाली होती. त्या दिवसापासून मी तांड्यावर पाय ठेवला नाही. तो माफी मागायला येईल, तेव्हा काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. तो आला नाही. वर्षं गेली.

हे मी मास्तरांना सरळ कधी सांगितलं नव्हतं. पण पुस्तकच माफीवरचं. रोज त्यावर आडवं यायचं म्हटल्यावर पोटातलं बाहेर पडणारच. एकदा मी असा ओरडलो की खाली कुत्री भुंकायला लागली, "मांगाले तं या लागते ना त्यानं! मांगल्याशिवाय कोन देते?" मास्तरांनी त्या दिवशी मांडीवर थाप मारली नाही. म्हणाले, "आज इथेच थांबू."

रुमालाचा सौदाही मी त्यांना शिकवला होता. फार आवडला होता त्यांना. माझ्या पंच्याखाली हात घालून पोरासारखी बोटं दाबत बसायचे.

"आणि हात सुटल्यावर?" त्यांनी विचारलं होतं.

"हात सुटला का झालं. फिरवाचं नाई."

"बैल दुसऱ्या दिवशी मेला तर?"

"तरी नाई."

"विकणारा खोटं बोलला होता असं कळलं तर?"

"मंग त्याचं थोबाड फोडीन. पन सौदा नाई फिरवनार."

हे मी त्यांना सांगितलं होतं. स्पष्ट. यात काहीही बाकी ठेवलं नव्हतं. वाचणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

शेवटचं प्रकरण राहिलं तेव्हा मास्तर बिघडले. आज नको, उद्या पाहू. झगा घालून नुसते बसायचे, लिहायचे नाहीत. कॉफी भांड्यात जळायची. मी म्हणालो, "मालात खोट हाये का?" ते म्हणाले, "माल चोख आहे. तेच तर."

मग एका संध्याकाळी त्यांनी मला बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. मिटायच्या ऐवजी पुस्तक उघडंच ठेवलं होतं आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते, पानाकडे पाहत होते.

"तो म्हनते," मास्तर वऱ्हाडीत म्हणाले, "का मांगनारा येत नाई. त्याले लाज वाटते. तो दाराआड बसून राह्यते. म्हून ज्याच्यापाशी द्याले हाये, त्यानंच उठून जा लागते."

मी आडवा आलो. "हे कोन्या दुकानात चालते? गिऱ्हाईक नाई आलं तं दुकानदार माल घिऊन त्याच्या घरी जाते का?"

"काहून नाई जात? तुमचे आजे-पंजे बैलावर मीठ लादून गावोगाव जातच होते ना? त्याईले कोन बलावलं होतं? घरात मीठ नाई हे मानूस सांगत नाई. वळखा लागते."

मी गप्प झालो. मास्तर मला आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसू देत होते. फ्रेंच माणसाच्या पुस्तकात माझे पणजे आणि त्यांचे मिठाचे बैल कुठून आले, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो, "हा बुढा शहाना हाये." आणि दुसऱ्या दिवशी मारेगावच्या बसमध्ये बसलो.

भावाच्या घरात न विकलेला कापूस छतापर्यंत भरला होता. तो त्यालाच टेकून बसला होता, केसांत कापसाचे तंतू.

"आलास?" म्हणाला.

"आलो, भिया."

वहिनीनं भाकरी टाकल्या. जेवण झाल्यावर तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "याडीनंच नको म्हटलं होतं. म्हने, सीझन चालू हाये, त्याले बलावशीन तं त्याचा सौदा सुटन. तुले कसं सांगू हे? तुले सांगन्यापक्षा तुया शिव्या बऱ्या वाटल्या."

मी काय करावं? मी जोरात भांडलो. भांडता भांडता रडलो. मग दोघं रडलो. त्यानंतर दर आठवड्याला मी तांड्यावर जाऊ लागलो.

त्याच वर्षी, पीक डोक्याइतकं वाढलेलं असताना, भाऊ फवारणीला गेला आणि वारं फिरलं. विष नाकातोंडात गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. मी खाटेशी बसलो होतो. चादरीखालून त्याचा हात आला, माझा हात शोधला, आणि त्यानं बोटं दाबली. बैलबाजारात दाबायचा तशी. एक बोट, मग तीन, मग सगळी. तो कसला भाव सांगत होता, मला आजही माहीत नाही. मी उलट दाबलं. मंजूर. मग त्याचा हात सुटला.

तेराव्याला मास्तर तांड्यावर आले. झगा घालून. बाया बिचकल्या. ते कापसाच्या गंजीपाशी, भाऊ बसायचा तिथंच नेमके बसले.

त्यानंतर त्यांनी मला कधी वर बोलावलं नाही. मी आपणहून गेलो तर कॉफी द्यायचे. "शेवटचं अरबीत झालं का?" मी विचारायचो. "होते, होते," म्हणायचे. अल्जेरियाचा फोन आला की "आंघोळ करताहेत म्हणून सांगा" असं वरूनच हात हलवून सांगायचे. मी तिला कोणत्या भाषेत आंघोळ सांगणार होतो? मी ठेवून द्यायचो. झगा खुंटीला लटकला तो लटकलाच. माणूस दिवसेंदिवस कमी होत गेला. दोन हंगाम असे गेले, आणि एका उन्हाळ्यात सकाळी पाववाल्यानं हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत.

यवतमाळहून पुतण्या आला, अंत्यविधी करून घाईत परत गेला. खोली आवरायला मी आणि मौलाना उरलो. अरबी कागदांची चळत मौलानांनी मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, "शेठ, इसका आख़िरी बाब नहीं है."

"हाये. शेवटचं प्रकरन मले सांगितलं हाये त्याईनं. मी सोता आयकलं."

मौलानांनी कागदांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाले, "वो आपने जो सुना, वो किताब में नहीं है. मैंने एक रोज़ ज़िद करके पूछा, तब बताया. किताब में उल्टा लिखा है. जो माँगने न आए, उसको माफ़ी देना माफ़ी का मज़ाक़ है, ऐसा. मास्टरसाब बोले, मैंने शेठ को झूठ सुनाया. अब ये बाब अरबी में कैसे लिखूँ? पहले सच सुनाना पड़ेगा. और सच अब सुना नहीं सकता."

मी खुंटीवरचा झगा ओढून फेकला. कॉफीचं भांडं लाथेनं उडवलं. मौलाना बसून राहिले. त्यांना माझी सवय होती.

आता माझी तक्रार नीट ऐका. ते खोटं बोलले म्हणून मला भाऊ मिळाला, हे मला कळतं. मी मूर्ख नाही. पुस्तकात लिहिलेलं त्यांनी मला खरं सांगितलं असतं तर मी खूश होऊन घरी बसलो असतो, फ्रेंच माणूससुद्धा माझ्याच बाजूचा आहे असं बायकोला सांगितलं असतं, आणि चादरीखालचा तो हात हवेत शोधत राहिला असता. पाणी मारलेल्या मालाचं सूत चांगलं निघालं. तरी माल पाणी मारलेलाच. अल्जेरियातल्या अनोळखी पोरांसाठी वाक्य अन्‌ वाक्य चोख, आणि रोज समोर बसणाऱ्या माझ्यासाठी भिजवलेलं!

पण माझा खरा राग त्याच्याही पुढचा आहे. सौदा झाल्यावर त्यांनी मला खरं का सांगितलं नाही? भाऊ गेल्यावर दोन हंगाम होते त्यांच्याकडे. एका संध्याकाळी म्हणायचं होतं, शेठ, मी खोटं बोललो, आता खरं ऐका. मी आरडाओरडा केला असता, नंतर लाथेनं उडवलं ते भांडं तेव्हाच उडवलं असतं, कदाचित त्यांचं थोबाडही फोडलं असतं. मग मी बसलो असतो. ऐकलं असतं. असा आडवा आलो असतो त्या फ्रेंच माणसाला की मास्तरांची मांडी सुजली असती. आणि ते प्रकरण लिहून झालं असतं. मित्राला दिलेला शब्द पुरा झाला असता.

ते भ्याले. मी दिलेली माफी परत घेईन, मेलेल्या भावावर पुन्हा रुसून बसेन, असं त्यांना वाटलं. त्या भीतीपायी त्यांनी आपल्या आयुष्याचं काम अर्धवट टाकलं आणि झुरून मेले.

परवा फोन आला. तीच. मी म्हणालो, "मास्तर गेले." तिला शब्द कळले नसतील, पण माझा आवाज कळला असावा. मग तिनं हळू आवाजात काहीतरी विचारलं. मला तिची भाषा येत नाही. पण कुणी थांबलेला माल मागतो तो सूर मला कोणत्याही भाषेत कळतो. मी फोन धरून उभा राहिलो. तिला काय देऊ?

म्हणून इथं, चारचौघांत, जाब मागतो. मास्तर, चादरीखालचा तो हात मी धरला होता, आणि तुम्हाला ते माहीत होतं. रुमालाची रीत मी स्वतः तुम्हाला शिकवली होती. हात सुटल्यावर मी कधी सौदा फिरवला होता? सांगा. कधी?